मुरगाव ते गुहागर: क्रूझनंतर सागरी मार्गाने परतीचा प्रवास

मुंबई-गोवा क्रूझने गेलेले बहुतेक प्रवासी मुरगाव बंदरात उतरले की थेट दाबोळी विमानतळ किंवा मडगाव स्टेशन गाठतात. माझे यजमान आणि मी मात्र तिथूनच गाडी घेतली आणि किनाऱ्याला धरून उत्तरेकडे, गुहागरला त्यांच्या आत्याच्या घरी गेलो. जहाजाच्या प्रवासावर बरेच लिहिले जाते. हा अभिप्राय मुख्यतः त्यानंतरच्या रस्त्याचा, वाटेतल्या फेरीबोटीचा आणि त्या घरी झालेल्या मुक्कामाचा आहे. हा परतीचा प्रवास मला क्रूझपेक्षा कितीतरी अधिक मोलाचा वाटला.

जहाजाबद्दल थोडक्यात सांगते. खोली स्वच्छ होती, जेवण भरपूर होते आणि डेकवर पहाटेचा वारा अंगावर घेत बसण्याचे सुख खरोखरच मोठे आहे. परंतु अशी जहाजे मुंबई संध्याकाळी सोडतात आणि किनाऱ्यापासून बरीच दूर राहून चालतात. त्यामुळे ज्या कोकणासमोरून आपण जातो ते कोकण जवळजवळ दिसतच नाही. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीला पोचत असे आणि प्रत्येक बंदरात माणसे उतरत-चढत असत. आजची क्रूझ ही सारी बंदरे वगळून जाते. ती पाहायची असतील तर त्याला जमिनीवरचा रस्ता हाच उपाय आहे.

गाडीविषयी आधी एक व्यवहाराची गोष्ट. गोव्यात स्वतः चालवायला मिळणाऱ्या अनेक गाड्या राज्याबाहेर न्यायला मालक परवानगी देत नाहीत. ती परवानगी आणि गाडी महाराष्ट्रात परत करण्याची सोय, या दोन्ही गोष्टी मुंबई सोडण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्याव्यात. बंदरातून बाहेर पडल्यावर हे प्रश्न सोडवत बसलो, तर दिवसाचा पहिला आणि उत्तम भाग वाया जातो.

झुआरीवरचा नवा केबलचा पूल आणि पणजीजवळचा मांडवीवरचा पूल ओलांडून पेडण्यापर्यंतचा रस्ता वेगाचा आहे. खरा सागरी मार्ग, म्हणजे किनाऱ्याकाठचा रस्ता, तेरेखोलच्या खाडीवरचा किरणपाणी-आरोंदा पूल ओलांडल्यावर सुरू होतो. रेवसपासून रेडीपर्यंतचा हा मार्ग कागदावर सलग असला तरी प्रत्यक्षात तो गावागावांतून, माडांच्या आगरांतून आणि देवळांच्या आवारांना खेटून जाणाऱ्या रस्त्यांची मालिका आहे. वेंगुर्ल्यानंतर खवणे, निवती, परुळे या भागात समोरून एसटी आली तर एका गाडीला मागे जावे लागते. ज्यांना वेळेत पोचायचे आहे त्यांनी निमूटपणे राष्ट्रीय महामार्ग ६६ धरावा. तो रुंद आहे, पण त्यावरून समुद्र दिसत नाही.

मालवणला आम्ही मुक्काम केला. सिंधुदुर्गाची उभारणी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सुरू झाली, हे शाळेपासून पाठ असते. पण किल्ल्यातल्या दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या बेटावरच्या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहिल्यावर जागा निवडणाऱ्याची नजर कळते. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही आहेत, आणि दोन्ही याच वाटेवर येतात. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांना सुट्टीच्या दिवशी फार गर्दी असते, म्हणून सकाळची पहिली होडी धरणे चांगले.

मालवण ते देवगड या टप्प्यात आचरा, मिठबाव आणि कुणकेश्वर लागतात. कुणकेश्वराचे मंदिर अगदी पुळणीच्या काठावर आहे आणि भरतीच्या वेळी आवारात उभे राहिले की लाटांचा आवाज गाभाऱ्यापर्यंत येतो. गिर्ये येथे रामेश्वराच्या देवळाकडे उतरणारी वाट जांभा खडक फोडून केलेली आहे. दोन्ही बाजूंच्या उंच, ओलसर भिंतींमधून खाली उतरताना भर दुपारीही अंगाला गारवा जाणवतो. विजयदुर्गाला जाणारे प्रवासी या देवळाजवळून न थांबता जातात याचे मला वाईट वाटते.

त्यानंतरचा जैतापूर ते पावस हा टप्पा मी सर्वांत वरचा मानते. वाघोटनच्या खाडीला वळसा घालून जैतापूरचा पूल ओलांडला की रस्ता सड्यावर चढतो. हा जांभ्याचा उघडा माळ पावसाळ्यात हिरवा आणि फुलांनी भरलेला असतो. जानेवारीत तो पिवळ्या गवताचा आणि काळसर कातळाचा होतो, आणि त्याच्या कडेला एकदम खाली निळा समुद्र असतो. कशेळीचे कनकादित्याचे मंदिर हे सूर्याच्या मोजक्या देवळांपैकी एक असून लाकडी खांबांचा त्याचा सभामंडप आवर्जून पाहण्यासारखा आहे. त्याच गावाच्या सड्यावर हत्तीचे प्रचंड कातळशिल्प आहे. हत्तीच्या देहाच्या आत इतर प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. जवळ उभे राहिले तर केवळ रेषा दिसतात आणि चार पावले मागे सरकून डोळा सरावला की सोंड, पाठ, पाय हळूहळू जुळून येतात. ऊन तिरपे असताना रेषा उठून दिसतात, म्हणून तिथे सकाळी किंवा चारनंतर जावे. शिल्पांवर पाय देऊ नये, हे कोणी सांगायला तिथे नसते तरी प्रत्येकाने पाळावे.

पूर्णगडचा पूल, गावखडीचे सुरूचे बन आणि पावसचा स्वामी स्वरूपानंदांचा मठ ही ठिकाणे सर्वपरिचित आहेत. रत्नागिरीत आम्ही फार थांबलो नाही. थिबा राजवाडा मात्र पाहिला. १८८५ मध्ये राज्य गमावलेला ब्रह्मदेशाचा राजा या १९१० मध्ये बांधून झालेल्या वाड्यात समुद्राकडे पाहत राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. आरे-वारेचा रस्ता छायाचित्रांमुळे इतका प्रसिद्ध झाला आहे की वळणावर गाड्या उभ्या करणाऱ्यांची झुंबड असते. दृश्य निःसंशय देखणे आहे, पण गाडी वळणावर थांबवणे धोक्याचे आहे.

गणपतीपुळे आणि केशवसुतांचे मालगुंड मागे टाकून जयगडला पोचले की रस्ता संपतो आणि शास्त्री नदीची खाडी आडवी येते. पलीकडे तवसाळ दिसत असते. फेरीबोट नसती तर भातगावच्या पुलापर्यंत आत जाऊन मोठा वळसा घ्यावा लागला असता. सुवर्णदुर्ग शिपिंग या संस्थेने २००३ मध्ये दाभोळ-धोपावे ही वाहनांची फेरीसेवा सुरू केली आणि पुढे जयगड-तवसाळसह कोकणातल्या इतर खाड्यांवरही ती नेली. किनाऱ्यावरचे प्रवासाचे गणित ज्या सेवेने खऱ्या अर्थाने बदलले, ती माझ्या मते ही आहे, आणि तिचे कौतुक पुरेसे होत नाही. तिकिटाची खिडकी जेटीवरच असते. बोट लागली की लोखंडी फळा खडखडत उताराच्या सिमेंटवर टेकतो, आधी पलीकडच्या दुचाकी, मग रिक्षा, मग गाड्या बाहेर येतात, आणि त्यानंतर इकडच्यांना आत घेतले जाते. आम्हाला गाडी उलटी चढवायची होती. बोटीवरचा पोरगेलासा कर्मचारी मागे उभा राहून नुसत्या तळहाताच्या खुणांनी यजमानांना असे काही नेमके आत घेत गेला की शेजारच्या टेम्पोत आणि आमच्यात हात घालण्यापुरतीच जागा उरली. बोट सुटल्यावर सगळे गाड्यांमधून उतरून कठड्याशी आले. शाळेतून परतणाऱ्या मुली, माशांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, पुण्याचे पर्यटक आणि आम्ही, अशी सारी माणसे त्या थोड्या मिनिटांसाठी एकत्र उभी होती. क्रूझच्या डेकवर जे मिळाले नाही ते इथे मिळाले, कारण दोन्ही काठ दिसत होते. पर्यटकांनी एवढे ध्यानात ठेवावे की ही स्थानिकांची रोजची वाट आहे. रुग्ण घेऊन येणारी गाडी असेल तर तिला पुढे जाऊ द्यावे.

तवसाळहून हेदवी आणि वेळणेश्वर करत गुहागर गाठता येते. हेदवीची बामणघळ भरतीच्या वेळीच पाहावी. ओहोटीला ती खडकातली नुसती चीर दिसते, भरतीला मात्र त्याच चिरेत शिरलेली लाट उंच उसळून कातळ भिजवून जाते.

आता घराविषयी. आत्यांनी ऐंशी कधीच ओलांडली आहे. त्यांचे घर व्याडेश्वराच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे अंगण, मागे माड-पोफळींचे आगर आणि त्याच्या टोकाला समुद्र. आम्ही गेलो तेव्हा अंगणभर सोलायची सुपारी वाळत घातलेली होती आणि पाय ठेवायला पाखाडीपुरतीच, म्हणजे दगडी पायवाटेपुरतीच, वाट शिल्लक होती. सूनबाईंनी गरम घावन आणि नारळाचा रस पुढे ठेवला. रात्री कुळथाचे पिठले आणि भात होता. जहाजावर जेवणाचे इतके प्रकार असूनही ज्याची आठवण राहिली असा एकही पदार्थ मला सांगता येणार नाही, आणि या पिठल्याची चव मात्र अजून जिभेवर आहे.

यजमान जहाजाविषयी सांगू लागले तेव्हा आत्यांनी पहिला प्रश्न विचारला, “अरे, टाळकेश्वराचा दिवा दिसला का?” लहानपणी त्या थोरल्या भावाकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, गिरगावात जायच्या ते दाभोळच्या बोटीने. बोट खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून, म्हणजे लहान होडीतून, तिच्यापर्यंत जायचे, आणि बायकामुलांना वर चढवताना खलाशी दोन्ही हात धरत असत. परतीच्या प्रवासात टाळकेश्वराचा दिवा दिसला की घर आले असे समजून आई ट्रंकेची दोरी आवळायला घेई, असे त्या सांगत होत्या. आम्हाला जहाजावरून तो दिवा दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी आतेदिरांनी आम्हा सगळ्यांना, आत्यांसह, अंजनवेलला त्या टाळकेश्वराच्या दीपस्तंभापाशी नेले. दीपस्तंभाजवळून दाभोळच्या खाडीचे तोंड, शेजारचा गोपाळगड आणि पलीकडचा किनारा एका दृष्टिक्षेपात येतो. बोट कुठे उभी राहत असे ते आत्यांनी काठीने दाखवले. त्यांचा भाचा, माझे यजमान, ते सारे पहिल्यांदाच ऐकत होते. आजवर आम्ही गुहागरला आलो ते लग्नकार्याच्या किंवा गणपतीच्या धावपळीत. असे निवांत बसून बोलणे झालेच नव्हते. म्हणून सांगते, वाटेत नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे उभ्याउभ्या डोकावून निघू नये. मुक्काम करावा, आणि आधी कळवून करावा, कारण खेड्यात वयस्कर माणसांच्या घरी पाहुण्यांची तयारी त्यांच्या अंगावर पडते.

या मार्गातले दोष लपवण्यासारखे नाहीत. दिशादर्शक पाट्या कमी आहेत आणि मोबाइलचा नकाशा अनेकदा आतल्या पायवाटेसारख्या रस्त्यावर नेऊन सोडतो. सड्यावर नेटवर्क जाते. स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह देवस्थाने आणि मोठी हॉटेले सोडली तर मिळत नाही. सरकार ज्या मार्गाला पर्यटनाचा म्हणते, त्यावर हे अक्षम्य आहे. अंधारात गाडी चालवू नये, कारण वळणे आंधळी आहेत आणि गुरे रस्त्यावर बसलेली असतात. पेट्रोल मालवण, देवगड, रत्नागिरी अशा मोठ्या गावीच भरून घ्यावे.

खाड्यांवर मोठे पूल बांधण्याचे काम राज्य सरकारने हाती घेतले आहे. गुहागरच्या माणसाला रात्री-अपरात्री रत्नागिरीच्या दवाखान्यात जाता यावे यासाठी ते पूल हवेतच. तोवर धोपाव्याहून दाभोळला आणि पुढे दापोलीमार्गे मुंबईला परतणाऱ्यांनी शेवटच्या फेरीची वेळ जेटीवर विचारून ठेवावी. क्रूझचा हंगाम पावसाळ्यात बंद असतो. डिसेंबर-जानेवारीत रस्ता कोरडा आणि हवा गार असते, म्हणून आमच्यासारख्या साठीच्या जोडप्यांना तेच दिवस सोयीचे. नाताळचा आठवडा मात्र टाळावा, कारण तेव्हा फेरीबोटीच्या रांगेत तासन्‌तास जातात.