सागवानी टेबलाला चपडा पॉलिश की पीयू?

खानापूरच्या मावसभावानं जुन्या घरातलं सागवान काढून जेवणाचं टेबल करून घेतलंय आणि आता पॉलिशवर अडलाय. त्याला म्हटलं, डब्यावर काय छापलंय ते सोड. त्याच लाकडाचे दोन तुकडे घे, एकावर चपडा (लाखेचं पॉलिश), एकावर पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश). आठवडाभर नीट वाळू दे, मग हवे तेवढे छळ.

रात्रभर ओला तांब्या ठेवलास की चपड्यावर पांढरं कडं उमटेल, पीयूवर सहसा काही नाही. पावसाळाभर दमट राहणाऱ्या खानापुरात हीच परीक्षा मोठी. गरम चहाच्या कपानं चपडा मऊ पडतो. स्पिरिटच्या थेंबानं तर विरघळतोच, कारण मुळात लाखेचा चपडा स्पिरिटमध्येच भिजवून लावतात. सॅनिटायझर सांडला तरी तीच गत. दोन डब्यांचा पीयू (एकात पीयू, दुसऱ्यात तो घट्ट करणारा हार्डनर) एकदा घट्ट झाला की असा विरघळत नाही.

आता नाण्यानं ओरखडा काढ आणि दुरुस्त करून बघ. इथे पारडं फिरतं. चपड्याचा नवा हात जुन्यात मिसळतो, कापसाच्या बोळ्यानं घरीही जमतं. पीयूला बहुतेक वेळा अख्खी फळी घासून पुन्हा फवारावं लागतं, म्हणजे परत कारागीर, परत मजुरी. (फवारताना मास्क हवाच, आपले लोक तोंडाला रुमाल बांधून भागवतात.)

जेवणाच्या आणि पोरांच्या अभ्यासाच्या टेबलाला पीयू. आजीची पेटी, आरशाची चौकट, शोभेचं कपाट यांना चपडाच.