संस्थेच्या ऑनलाइन भांडारात शोधलेखाची कोणती प्रत ठेवावी: स्वीकृत हस्तलिखित की प्रकाशित पीडीएफ?

प्रकाशित पीडीएफ देखणी असते, पृष्ठक्रमांकही मिळतात. पण लेखावर सीसी बाय (श्रेय देऊन कोणालाही वापरू देणारा) यांसारखा मुक्त परवाना नसेल, तर ती जाहीर ठेवायला प्रकाशक सहसा परवानगी देत नाहीत. परवाना असेल तर तीच ठेवा.

नसेल तर स्वीकृत हस्तलिखित, म्हणजे समीक्षेनंतरच्या सगळ्या दुरुस्त्या असलेली तुमची स्वतःची फाइल. आशय तोच, फक्त मांडणी साधी. बऱ्याच नियतकालिकांत ते सर्वांना खुले करण्यावर 6 ते 24 महिन्यांची बंदी असते. ती बहुधा प्रकाशनाच्या तारखेपासून मोजतात, स्वीकृतीच्या नव्हे. फाइल आजच चढवा, खुली होण्याची तारीख नोंदवा, पहिल्या पानावर डीओआय, म्हणजे प्रकाशित लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, लिहा.

नेहमीची चूक: लेखक प्रूफची, म्हणजे प्रकाशनापूर्वी तपासायला आलेली, पीडीएफ पाठवतात. त्यात प्रकाशकाची पानांची जुळणी असल्याने भांडाराकडून ती परत येते. म्हणून स्वीकृतीचा ईमेल आला, की त्याच दिवशी शेवटची वर्ड फाइल वेगळी जपून ठेवा. वर्षभराने ती सापडत नाही!