लाटांसाठी आखूड सप बोर्ड : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मार्चमध्ये मी लाटांवर वापरण्यासाठी ८ फूट ६ इंच लांब, ३१ इंच रुंद आणि ११८ लिटर आकारमानाचा स्टँड-अप पॅडलबोर्ड, म्हणजे उभे राहून लांब दांड्याच्या वल्ह्याने (पॅडलने) चालवायचा आणि बोलण्यात ज्याला सप म्हणतात तो बोर्ड, विकत घेतला. तेव्हापासून या जानेवारीपर्यंत माझ्या वहीत ९४ दिवसांच्या नोंदी झाल्या आहेत आणि त्यांतले बहुतेक दिवस दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रेच्या किनाऱ्यावरचे आहेत. माझे वजन ७६ किलो आणि उंची १७३ सेंटिमीटर आहे. हे आधीच सांगतो, कारण वापरणाऱ्याचे वजन ठाऊक नसेल तर बोर्डाच्या अनुभवाचा दुसऱ्या कोणालाही उपयोग होत नाही. हा बोर्ड मला मनापासून आवडला आहे. पण त्याच्याआधी मी एक चुकीचा बोर्ड घेतला होता, त्यात हिवाळ्याचे जवळजवळ सहा महिने गेले, आणि हे सगळे सविस्तर लिहिण्याचे खरे कारण ती चूक आहे.

पहिली दोन वर्षे मी साडेदहा फुटी, ३२ इंच रुंद बोर्डावर शिकलो. तो स्थिर होता, लाट लवकर पकडायचा, पण लाटेवर आल्यानंतर सरळ किनाऱ्याकडे जाण्यापलीकडे त्याच्याकडून फारसे काही करून घेता येत नव्हते. वळवायचा तर बरेच मागे चालत जावे लागे आणि तोवर लाट पुढे निघून जाई. म्हणून आखूड बोर्ड घ्यायचे ठरवले आणि एका दुकानदाराच्या सल्ल्याने ८ फुटी, साडेअठ्ठावीस इंच रुंद, ९६ लिटरचा बोर्ड उचलला. ‘वजनाच्या आकड्यात वीस मिळवा, तेवढे लिटर पुरतात,’ असा त्यांचा हिशेब होता. डेना पॉइंटच्या बंदरातल्या शांत पाण्यात मी त्यावर व्यवस्थित उभा राहिलो, त्यामुळे शंका घेण्याचे कारणही दिसले नाही.

शंका आली ती डॉगपॅचला. सॅन ओनोफ्रेच्या सर्फ बीचवर दक्षिणेकडचा हा भाग सप वापरणाऱ्यांसाठी आहे. तिथे लाट लांबवर, गोट्यांच्या उथळ तळावर फुटते, सावकाश उतरते आणि बराच वेळ चालते; आखूड बोर्डावर शिकण्यासाठी याहून दयाळू जागा मला माहीत नाही. तरीही त्या ९६ लिटरच्या बोर्डावर मी लाटेची वाट पाहत असताना सतत पडत होतो. लाटेवर असताना पडणे वेगळे, त्यातून काही शिकायला मिळते. नुसते उभे असताना पडणारा माणूस मात्र प्रत्येक वेळी बोर्डावर चढण्यात शक्ती घालवतो आणि खरी लाट येते तेव्हा बहुधा गुडघ्यांवर असतो. त्या महिन्यांत दीड तासात माझ्या वाट्याला चार ते पाच लाटा येत. आता त्याच जागी, तेवढ्याच वेळात, बारा ते पंधरा येतात.

याचे गणित मी नंतर मांडले. ते विकत घेण्याआधी मांडायला हवे होते. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन साधारण १.०२५ किलो असते, म्हणून ९६ लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तर सुमारे ९८ किलो भार पेलतो. माझे ७६ किलो, थंड पाण्यासाठी घालायच्या रबरी पोशाखाचे, म्हणजे ओल्या वेटसूटचे, चारेक किलो, बोर्डाचे स्वतःचे साडेसहा किलो आणि पॅडल व लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी) मिळून एक किलो, असे साडेसत्त्याऐंशी किलो होतात. म्हणजे हाताशी शिल्लक राहते जेमतेम ११ किलोंची. एखादी छोटी लाट पायाखालून गेली, किंवा पॅडलवर जोर देताना अंगाचा भार एका कडेवर गेला, की ती कड पाण्याखाली जाते आणि बोर्ड परत वर यायला वेळ लावतो. नव्या बोर्डाचे ११८ लिटर म्हणजे १२१ किलो. तो स्वतः एक किलोने जड आहे, तरीही शिल्लक ३२ किलोंच्या घरात जाते. दोन्ही बोर्डांतला फरक कागदावर २२ लिटरचा दिसतो, पण पायांना तो तिप्पट शिलकीच्या रूपाने जाणवतो. ‘वजनात वीस मिळवा’ या सल्ल्यात वेटसूट, बोर्ड आणि पॅडल यांचे वजन धरलेलेच नव्हते. ज्याची वर्षानुवर्षे लाटांवर गेली आहेत अशा माणसाला ११ किलोंची शिल्लक पुरेल. आठवड्याला दोनदा समुद्रावर जाणाऱ्या मध्यम वकुबाच्या माणसाने ३० किलोंच्या खाली उतरू नये, असे माझे मत झाले आहे.

लिटरच्या आकड्याइतकेच, किंबहुना थोडे अधिक महत्त्व मी आता रुंदीला देतो. तरंगणारी वस्तू आडवी कलंडू न देण्याचे तिच्या पाण्यावरच्या आकाराचे सामर्थ्य रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे साडेअठ्ठावीस इंचांवरून ३१ इंचांवर आल्यावर केवळ रुंदीमुळे ते सुमारे २९ टक्क्यांनी वाढते. कोकणातल्या अरुंद होडीला बाजूला उलांडी बांधतात त्यामागे हेच तत्त्व आहे: लाकूड थोडेसेच वाढते, पण आधार मध्यापासून दूर गेल्यामुळे होडी कलंडत नाही. तीच लिटरसंख्या जाडी वाढवूनही मिळवता येते आणि बाजारात असे बोर्ड भरपूर आहेत. पण जाड कडेचा बोर्ड लाटेवर कलता कलत नाही आणि उभे राहायला मदतही तितकीशी करत नाही. माझ्या बोर्डाची जाडी मध्यावर चार इंचांहून किंचित अधिक आहे आणि कडा बऱ्यापैकी पातळ आहेत. उभे असताना त्याची रुंदी कामाला येते, वळताना पातळ कड पाण्यात शिरते. या दोन गोष्टी एकाच बोर्डात असणे हे मला या खरेदीचे सर्वांत मोठे यश वाटते.

लांबीबद्दल थोडे. हवाईत वायकीकीचे सर्फ शिकवणारे लोक पूर्वी हातात वल्हे घेऊन मोठ्या बोर्डांवर उभे राहत, आणि २००० सालाच्या आसपास लेअर्ड हॅमिल्टन व डेव्ह कलामा या सर्फरांनी माउई बेटावर तीच रीत पुन्हा रूढ केली तेव्हाचे बोर्डही लांबलचकच होते. बोर्ड आखूड होत गेले ते लाटेच्या वक्र भिंतीवर बसावेत म्हणून, आणि मागचा पाय फिनच्या, म्हणजे तळाला मागे बसवलेल्या पात्याच्या, वर ठेवून एका जोरात वळता यावे म्हणून. हा लाभ खरा आहे. साडेदहा फुटी बोर्डावर मी लाटेच्या तळाशी मोठा अर्धवर्तुळाकार फेरा घेत असे. आता पायांची जागा जेमतेम एक पाऊल बदलून परत लाटेच्या माथ्याकडे जाता येते आणि पुढचे टोक हवेत जड वाटत नाही. फेसाच्या लाटा ओलांडून बाहेर जातानाही आखूड बोर्ड सोपा पडतो.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. आखूड बोर्ड प्रत्येक वल्हवण्यासरशी तोंड फिरवतो. पहिले तीन आठवडे मी एका बाजूने तीन वेळा वल्हवले की बोर्ड लाटेला आडवा होई. पॅडल अगदी उभे धरणे, ते बोर्डाच्या पुढच्या भागाजवळ पाण्यात घालणे आणि पायाच्या जवळ येताच बाहेर काढणे, एवढे जमल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. पाय समांतर ठेवून उभे राहण्याची सवयही मोडावी लागली; एक पाय थोडा मागे ठेवला की पुढे-मागे डुलणे आवरते. लाट पकडताना लांब बोर्ड स्वतःच्या गतीने घसरू लागतो, आखूड बोर्डाला शेवटचे दोन-तीन जोरकस हात द्यावेच लागतात आणि लाट थोडी अधिक उभी होईपर्यंत थांबावे लागते. या बोर्डाचे पुढचे टोक अणकुचीदार नसून रुंद आहे आणि तळाचा बाक, म्हणजे टोकाकडे तो वर वळत जाणे, कमी आहे, म्हणून डॉगपॅचच्या मऊ लाटांवर तो त्याच्या लांबीच्या मानाने लवकर निघतो. ज्यांच्या जवळच्या लाटा अशाच सावकाश उतरणाऱ्या असतील त्यांनी टोकाची रुंदी आणि तळाचा बाक या दोन गोष्टी दुकानात स्वतः पाहाव्यात. बहुतेक विक्रेते लांबी-रुंदी-लिटर सांगून थांबतात.

हाच गुण उभ्या लाटांवर दोष ठरतो. नोव्हेंबरनंतर पश्चिमेकडून मोठ्या लाटा येऊ लागल्या तेव्हा जवळच्या वाळूच्या तळाच्या किनाऱ्यावर मी तो चार वेळा नेला. लाट डोक्याच्या वर गेली आणि एकदम उभी फुटू लागली की कमी बाकामुळे पुढचे टोक पाण्यात रुतते; पाय कितीही मागे नेले तरी दोनपैकी एका वेळी तरी मी पुढे फेकला गेलो. तशा लाटांसाठी अधिक बाकाचा, निमुळत्या शेपटाचा वेगळा बोर्ड हवा. छातीपर्यंतच्या लाटांत मात्र मला याच्यात काहीही कमी जाणवले नाही. वाऱ्याचाही उल्लेख करायला हवा: दुपारी समुद्रावरून वारा सुटून पाणी खवळले की ३१ इंचही पुरत नाहीत आणि मी सरळ घरी येतो. जूनपासूनच्या नोंदी पाहिल्या तर माझे चांगले दिवस जवळजवळ सगळे सकाळी दहाच्या आधीचे आहेत.

फिनबाबत मी बराच प्रयोग केला. बोर्डाला पाच खाचा आहेत, म्हणून तीन किंवा चार फिन लावता येतात. चार लावल्यावर वेग वाढला, पण वळताना शेपूट मधूनच निसटल्यासारखे वाटे. तीन फिनवर, मधली फिन बाजूच्यांपेक्षा किंचित मोठी ठेवून, मला सर्वाधिक विश्वास वाटतो. ऑगस्टनंतर मी ती रचना बदललेली नाही. याउलट पॅडलवर माझ्या मते लोक पुरेसा विचार करत नाहीत. जुने पॅडल उंचीपेक्षा वीस सेंटिमीटर लांब होते आणि लाटेवर खाली वाकल्यावर त्याचा दांडा नुसता मधे येई. ते कापून १७९ सेंटिमीटरवर आणले. पाते लहान घेतल्यापासून खांदा दुखणेही थांबले, कारण मोठ्या पात्याने दिलेला जोर आखूड बोर्डाला पुढे नेण्याऐवजी बराचसा फिरवतच असतो.

टिकाऊपणाविषयी सांगायचे तर दोन तक्रारी आहेत. असे बोर्ड आतून हलक्या थर्माकोलसारख्या फोमचे असतात आणि वर इपॉक्सीचे कवच असते. आतली हवा तापून फुगू नये म्हणून वर एक हवेचा स्क्रू असतो. माझ्या बोर्डाच्या स्क्रूखालची रबरी चकती पाचव्या महिन्यात चिरली. बोर्ड थोडा जड वाटू लागला म्हणून मी लगेच पाहिले, दोन दिवस सावलीत स्क्रू काढून ठेवला आणि नवी चकती बसवली. दुसरी तक्रार डाव्या कडेची. वल्हवताना दांडा त्याच जागी घासून रंगाखालचा थर उघडा पडला. कडेला चिकटवायची संरक्षक पट्टी पहिल्याच दिवशी लावायला हवी होती; पट्ट्या बोर्डासोबत मिळाल्या नाहीत, वेगळ्या घ्याव्या लागल्या. गोट्यांवर आपटून शेपटाच्या कोपऱ्याला एकदा टवका उडाला, तो मी घरीच इपॉक्सीने भरला. या प्रकारच्या फोममध्ये पाणी शिरले की सहजासहजी निघत नाही, त्यामुळे टवका दिसताच पाण्याबाहेर येणे आणि कोरडे होईपर्यंत पुन्हा न जाणे हा नियम मी कधीही मोडत नाही. तापलेल्या गाडीत बोर्ड बंद करून ठेवणेही टाळतो.

डिसेंबरमध्ये भारतात घरी आलो असताना उत्तर गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर भाड्याच्या दहा फुटी बोर्डावर तीन सकाळी घालवल्या. लाटा कमरेएवढ्या आणि सॅन ओनोफ्रेपेक्षा कमी अंतराने येणाऱ्या होत्या, जोरही कमी होता. वेटसूट लागत नसल्याने चार किलो वाचतात हे खरे, तरी तिथे वापरण्यासाठी घ्यायचा असेल तर माझ्या वजनाच्या माणसाने याच घडणीचा, पण नऊ फुटी, १२५ ते १३० लिटरचा बोर्ड पाहावा असे मला वाटते. मऊ लाटेत सगळ्यात आधी उणीव भासते ती घसरण्याच्या वेगाची, आणि तो वेग लांबीतून येतो.

एक गोष्ट बोर्डाशी संबंधित आहे म्हणूनच लिहितो. उभे राहिल्यामुळे आपल्याला लाट इतरांपेक्षा आधी दिसते, आणि स्थिर बोर्डावर ती आधी पकडताही येते. बोर्डावर पालथे झोपून हातांनी वल्हवणाऱ्या सर्फरांच्या वाट्याची प्रत्येक लाट घेण्याचा मोह आवरावा लागतो. सप वापरणाऱ्यांविषयी अनेक ठिकाणी जी नाराजी आहे, तिचे मूळ इथेच आहे. मी एक लाट घेतली की पुढच्या दोन सोडतो. बोर्ड जड आणि कठीण असल्यामुळे लीशशिवाय तर लाटांत मुळीच जाऊ नये. लाटांसाठी ती सरळ असावी, गुंडाळीची नको, कारण गुंडाळीची लीश ताणून बोर्ड अंगावर परत फेकते.

तो ९६ लिटरचा बोर्ड मी मे महिन्यात आमच्या डॉगपॅचच्या गटातल्या एका मैत्रिणीला विकला. तिचे वजन ५८ किलो आहे. देण्याआधी तिच्यासाठी तोच हिशेब मांडला, तर वेटसूट धरूनही २९ किलोंच्या आसपास शिल्लक राहत होती. गेल्या रविवारी ती माझ्यापासून वीस-पंचवीस फुटांवर त्याच बोर्डावर, दोन्ही पाय जागचे न हलवता, क्षितिजाकडे पाहत लाटेची वाट बघत उभी होती.