अचलपुरातलं सायकलचं दुकान आणि माझ्या रोड बाइकचा हेडसेट

परतवाडा-अचलपूर भागात ज्यांच्याकडे रोड बाइक आहे त्यांच्यासाठी लिहितोय. हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्या वरच्या-खालच्या दोन बेअरिंगांवर वळतं त्या सांध्यात, खडखड येत असेल तर सायकल गाडीत टाकून अमरावती गाठायच्या आधी अचलपूरच्या जुन्या वस्तीतलं चाचांचं दुकान बघा. बाहेर जुन्या रिमा टांगलेल्या, आत एक वाइस, एक पंप आणि बसायला लाकडी पाट. दिवसभर पंक्चर आणि शाळेच्या पोरांच्या सायकली. अशा ठिकाणी महागाची सायकल द्यायला मन धजत नाही, हे कळतं मला. पण मी शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करतो, बेअरिंग काढणं-बसवणं हे माझं रोजचं काम आहे. त्या नजरेनं सांगतो, या माणसाचं काम एकदम चोख आहे.

माझी सायकल ॲल्युमिनियम फ्रेमची, सेकंडहँड घेतलेली. चिखलदऱ्याहून धामणगाव गढीकडे उतरताना पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली टक टक व्हायचं. त्याहून वाईट म्हणजे सपाट रस्त्यावर हँडल मधोमध अडकायचं. सायकल सरळ जाते ती आपण नकळत हँडल केसभर इकडे-तिकडे करत राहतो म्हणून. ते केसभरच हलेना, मग एकदम झटक्यानं हलायचं आणि सायकल रस्त्यावर भटकायची. चिखलदरा १,११८ मीटरवर, उतार लांब, वळणावर समोरून एसटी येते. अशा रस्त्यावर हँडलचा भरवसा नसेल तर उतरूच नये.

आधी शहरातल्या एका मोठ्या दुकानात दाखवली होती. त्यांनी वरचा बोल्ट आवळला, पैसे घेतले, सायकल परत दिली. आवाज थांबला, पण हँडल आणखी जड झालं आणि थोड्याच दिवसांत टक टक पुन्हा सुरू.

चाचांनी पाना हातात घ्यायच्या आधी बराच वेळ नुसतं तपासलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकलली. मग हँडल काटकोनात वळवून, एक हात फ्रेम आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) सांध्यावर ठेवून पुन्हा तेच. हे फार महत्त्वाचं आहे, कारण ब्रेक ढिला असला किंवा चाकाच्या मधल्या हबमध्ये खेळ, म्हणजे ढिलेपणा, असला तरी असाच ठोका येतो आणि चांगला हेडसेट नाहक उघडला जातो. मग पुढचं चाक उचलून हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश फिरवलं. मधोमध आल्यावर ते खाचेत पडल्यासारखं थांबलं. मला म्हणाले, "भाऊ, टाइट केलं तर आवाज बंद होईन, खराबी बंद नाही होणार. खालचं बेअरिंग गेलं. खोलून दाखवतो, मग ठरवा."

खोलायची रीतही बरोबर. आधी स्टेमचे, म्हणजे हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे दोन बोल्ट ढिले, मग वरची टोपी. गियर-ब्रेकच्या केबल न सोडता हँडल सुतळीनं फ्रेमला बांधून ठेवलं. फोर्क खाली ओढल्यावर गंजाचं लालसर पाणी आणि काळ्या मातीचा गाळ निघाला. पुढचं चाक पावसात जे काही उडवतं ते सरळ या खालच्या बेअरिंगवर बसतं. आमच्याकडची काळी माती किती चिवट असते ते वेगळं सांगायला नको. वरचं बेअरिंग मात्र ठीक होतं.

खालच्या बेअरिंगचं रबरी सील त्यांनी पातळ पात्यानं उचललं, आतली रिंग दाबून वेगळी केली आणि फडक्यानं पुसून माझ्या हातावर ठेवली. रेसवर, म्हणजे गोळ्या ज्या खाचेत फिरतात तिथं, ठरावीक अंतरानं खड्डे होते, जात्याला टाकी लावल्यासारखे. प्रत्येक गोळीचा एकेक. मोटारीत असं क्वचितच दिसतं, आणि का दिसत नाही ते तिथंच डोक्यात आलं. विहिरीवरच्या पंपाची मोटार मिनिटाला २,८०० च्या वर फेरे मारते, गोळ्या सतत फिरतात आणि ग्रीसचा थर रेसवर पसरत राहतो. हेडसेटचं बेअरिंग जन्मभरात एकही पूर्ण फेरा घेत नाही. हँडल बहुतेक वेळ सरळच असतं, गोळ्या त्याच जागी थरथरतात, खालचं ग्रीस बाजूला सरकतं आणि धातू धातूवर घासतो. हँडल नेमकं मधोमध अडकतं ते यामुळेच. त्यावर बोल्ट आवळला की गोळ्या त्याच खड्ड्यात आणखी जोरानं दाबल्या जातात.

पुढचं मात्र मला माहीत नव्हतं, आणि प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं आहे. जुन्या काळ्या सायकलींना फ्रेममध्ये ठोकलेले कप असतात. छर्रे-कप खराब झाले तर नवे ठोकायचे, विषय संपला. आजच्या बऱ्याच रोड बाइकला असा कपच नसतो, बेअरिंग थेट फ्रेममध्ये कोरलेल्या बैठकीवर बसतं. हँडलमध्ये खेळ असताना चालवत राहिलं तर ही बैठक झिजते, आणि मग फ्रेमच टाकायची वेळ येते. चाचांनी टॉर्च मारून, बोट फिरवून बैठक तपासली, मलाही बोट फिरवायला लावलं. गुळगुळीत होती. जीव भांड्यात पडला.

मग माप. ४१ मिलिमीटरचं आणि ४१.८ मिलिमीटरचं, अशी दोन बेअरिंगं बाजारात सर्रास मिळतात. डोळ्याला फरक कळत नाही आणि एकाच्या जागी दुसरं बसत नाही. शिवाय कडांचा उतार ३६ अंशांचा की ४५ अंशांचा, हेही जुळायला लागतं. त्यांनी व्हर्नियर लावून खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलं: ३०.५ × ४१.८ × ८, ४५-४५, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी आणि दोन्ही कडांचे अंश. आणि अंदाजावर न जाता जुन्या बेअरिंगवरचे पुसट आकडे भिंगातून वाचून ताडून पाहिले. माझ्या फ्रेमला वर-खाली एकच माप आहे. तुमची फोर्क खाली जाड होत गेलेली असेल तर खालचं बेअरिंग मोठं निघेल, बऱ्याचदा ५२ मिलिमीटरचं.

"जोडीच टाकून द्या," असं मीच म्हणालो होतो. ते म्हणाले, "वरचं चांगलं हाय ना भाऊ, कायले पैसे घालता?" वरचं धुऊन, नवं ग्रीस भरून परत बसवलं. खालचं नवं कुरिअरनं आल्यावर बोलावलं. फोर्कवर खालच्या बेअरिंगखाली बसणाऱ्या रिंगचा (क्राऊन रेसचा) गंज घासून काढला, बैठकीवर ग्रीसचा हात फिरवला, बेअरिंगची बाजू उलट पडू नये म्हणून दोनदा पाहिलं. टोपीचा बोल्ट खेळ जाईपर्यंतच फिरवला, त्यापुढे नाही. त्या बोल्टचं काम बेअरिंगवर दाब आणण्यापुरतं असतं, फोर्क धरून ठेवतात ते स्टेमचे बाजूचे बोल्ट. ते शेवटी आवळले.

बेअरिंगचे ५५० आणि मजुरीचे २०० रुपये घेतले. थोडी चालवून झाल्यावर परत आणा, बेअरिंग बसतं तसा किंचित खेळ येतो, असं सांगितलं. तसा आलाही. टोपी जराशी फिरवून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत.

उणं आहे ते एवढंच की टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानंच आवळायचा पाना, नाही. माझ्या स्टेमवर ५ न्यूटन-मीटर छापलेलं आहे आणि चाचा हाताच्या अंदाजानं आवळतात. धातूच्या फोर्कला ते चालून जातं. फोर्कची नळी कार्बनची असेल तर रेंच स्वतःचा न्या आणि समोर उभं राहून त्यानंच आवळायला सांगा, ते वाईट वाटून घेत नाहीत. दुसरं म्हणजे असली बेअरिंगं दुकानात ठेवलेली नसतात, मागवावीच लागतात. म्हणून चिखलदऱ्याला जायच्या आदल्या दिवशी सायकल घेऊन जाऊ नका. फोटो पाठवून माप विचारलं तर सांगत नाहीत, सायकलच न्यावी लागते. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं.