सिंधू घ्यावी की गंगा? प्रबंधाचा विषय ठरवताना

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न एकच: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, आणि त्यापुढं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून वाद. अशाच एका सकाळी राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या भाचीनं विचारलं, "मामा, प्रबंधाला सिंधू करार घेऊ की गंगा?"

सिंधू करार म्हणजे भावांनी रानं वाटून घेणं. १९६० मध्ये नद्याच वाटल्या. रावी, बियास, सतलज भारताकडं. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडं. मध्यस्थ जागतिक बँक. रानं वेगळी झाली की रोज तोंड बघावं लागत नाही. माझ्या मते १९६५, १९७१ आणि कारगिल होऊनही करार टिकला तो यामुळंच. वाद झालाच तर बाहेरचा पंच: बगलिहार धरणाच्या वादाला तटस्थ तज्ज्ञ, किशनगंगा प्रकल्पाच्या वादाला लवाद. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारतानं तो स्थगित ठेवला. साहित्य ढीगभर मिळेल, पण त्यात नवं काय सांगणार?

भारत-बांगलादेशमधला १९९६ चा गंगा करार म्हणजे एकाच विहिरीवर पाळी. पश्चिम बंगालमधल्या फरक्का बंधाऱ्यावर १ जानेवारी ते ३१ मे, दर दहा दिवसांचा हिशेब. पाणी ७० हजार क्युसेकपर्यंत असेल तर निम्मं-निम्मं. ७५ हजारांपर्यंत बांगलादेशला ३५ हजार, उरलेलं भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४० हजार, बाकी त्यांना. ऐन टंचाईत, ११ मार्च ते १० मे, दोघांना आलटून-पालटून दहा-दहा दिवस ३५ हजारांची हमी. आणि पाणी ५० हजारांखाली गेलं तर? तातडीनं बोलणी करायची, बस्स. पंच कुणी नाही. मोटारीच्या पाळीवरून झालेली भांडणं ज्यानं बघितलीत, त्याला यातली मेख लगेच कळेल.

आंतरराष्ट्रीय कायद्यात पुढं जायचं असेल तर डोळे झाकून सिंधू घ्यावी. नाहीतर माझं मत गंगेला. शत्रू एकमेकांना टाळून कसे निभावतात ते सिंधूत दिसतं. मित्रांचं रोजचं कुरकुरणं गंगेत. शिवाय शेजारी तिस्ता नदी आहेच, तीही भारत-बांगलादेश दोघांची. २०११ मध्ये तिचा करार पश्चिम बंगालच्या विरोधामुळं अडला. दोन सरकारांचं जमलं तरी मधलं राज्य अडून बसतं, हे अलमट्टीच्या बातम्या वाचणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

भाचीची शंका रास्त होती. गंगा कराराची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते, मग प्रबंध शिळा नाही का होणार? म्हटलं, शेवटचं प्रकरण सगळ्यात शेवटी लिही.