निमतेल आणि 2 लिटरचा हातपंप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मिरचीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, बसला, त्या घाईत दोन वस्तू घरात आल्या. कडुनिंबाच्या शुद्ध तेलाची बाटली आणि 2 लिटरचा दाबाचा हातपंप. दोन्हींना आठ महिने झाले. मधल्या काळात वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडी सगळ्यांवर वापरून झालं.

पहिली फवारणी पूर्ण वाया गेली. पंपात पाणी भरलं, वर तेल ओतलं, चार वेळा हलवलं आणि निघाले. तेल पाण्यात विरघळत नाही, हे शाळेत शिकलेलं त्या क्षणी कुठे गेलं होतं कोण जाणे. पंपाची नळी तळातून ओढते, तेल वर तरंगतं. म्हणजे मिरच्यांवर निव्वळ पाणी पडलं आणि रांगेत शेवटी असलेल्या वांग्यांना तळाशी उरलेलं जवळपास निखळ तेल मिळालं. तेही भर उन्हात. तिसऱ्या दिवशी वांग्याची पानं कडेने करपली. मिरचीवरचा मावा मजेत होता.

आता असं करते. मगभर कोमट पाण्यात आधी थोडा द्रव साबण, मग ढवळत ढवळत बारीक धारेने तेल. पाणी दुधासारखं पांढरं झालं की जमलं. वर तेलाचे डोळे दिसले तर आणखी थेंबभर साबण. मग हे पंपातल्या पाण्यात. प्रमाण लिटरला 5 मिली तेल. हे मिश्रण त्याच संध्याकाळी संपवायचं. त्यातला अझाडिरॅक्टिन नावाचा घटक पाण्यात आणि उन्हात टिकत नाही, त्यामुळे उरलेलं उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही. थंडीत तेल बाटलीतच थिजतं; बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवली की मोकळं होतं. नवीन झाडावर आधी दोन पानांवर मारून दोन दिवस बघते. वांग्यांनी शिकवलंय.

फवारलं की किडी पटापट खाली पडतील अशी अपेक्षा असेल तर हे तेल तुमच्यासाठी नाही. अझाडिरॅक्टिनमुळे किडीची खाण्यावरची वासना जाते आणि पिल्लांचं कात टाकणं बिघडतं. मोठी झालेली कीड बरेच दिवस तशीच फिरताना दिसते. माव्यावर मला फरक जाणवला तो दर आठवड्याला एक अशा तिसऱ्या फवारणीनंतर. पांढऱ्या माशीवर बरा, पिठ्या ढेकणावर अर्धवट, कारण त्याच्या मेणचट कापसातून काही आत शिरत नाही. तो मी जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढते, तेल नंतर. भेंडीवरच्या तुडतुड्यांबद्दल अजून माझं मत बनलेलं नाही.

वांग्याच्या शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीवर मात्र शून्य. ती एकदा आत शिरली की बाहेरून काहीही मारा. सकाळी सगळं झाड ताठ आणि एकच शेंडा मान टाकलेला दिसला की समजायचं. असा एक शेंडा उभा चिरून पाहिला, तर आत गुलाबीसर अळी आणि तिच्या मागे विष्ठेने भरलेला बोगदा. तेव्हापासून कोमेजलेला शेंडा दिसला की दोन बोटं खालून कापून साबणाच्या पाण्यात बुडवते. टोमॅटोची दोन रोपं पानं आकसून, वाकडी होऊन खुरटली, तीही फवारत न बसता मुळासकट उपटली. हे विषाणूमुळे होतं आणि तो पांढरी माशी पसरवते. माशी आवरता येते, लागण झालेलं झाड बरं होत नाही.

खरं काम होतं ते रोज सकाळी पाणी घालताना. झारी एका हातात, दुसऱ्या हाताने पानं उलटी करून बघायची. मावा, माशी, अंडी, सगळं पानाच्या पाठीला असतं. मुंग्यांची रांग खोडावर चढत असेल तर वर मावा आहेच, त्याचा गोड चिकट स्राव त्यांना हवा असतो. अशाच एका सकाळी काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, इवल्या मगरीसारख्या अळ्या दिसल्या आणि मी चिरडायलाच निघाले होते. त्या ढालकिड्याच्या अळ्या निघाल्या, मावा खाणाऱ्या. आता त्या दिसल्या की ते झाड फवारणीतून वगळते. मधमाश्या परतल्यावर, ऊन उतरल्यावरच पंप हातात घेते. आणि तोडणी आधी, फवारणी नंतर.

पंपाबद्दल तक्रार आहे. पाचव्या महिन्यात झाकणाखालची रबरी रिंग तेलाने फुगली आणि दाब टिकेना. सुटी रिंग सोबत दिलेली नव्हती. त्याआधी तोटी दोनदा चोंदली होती, पण तो दोष माझा, वापरल्यावर नुसतं पाणी फिरवायचे. आता गरम साबणाचं पाणी दोन मिनिटं मारून तो रिकामा, झाकण उघडं ठेवून वाळवते. एक गोष्ट मात्र मनापासून आवडली: तोटी वरच्या दिशेला वळते. सरळ तोटीच्या पंपाने पानाच्या पाठीवर मारायचं म्हणजे जमिनीवर लोळण घेणं आलं.

दुसरी बाटली आणताना पाण्यात आपोआप मिसळणारं तेल घेतलं. त्याचं प्रमाण लेबलवर वेगळं आहे, माझं 5 मिलीचं गणित तिथे चालत नाही. मगात ढवळण्याचा खटाटोप वाचला. वास तेवढाच उग्र. फवारणीच्या संध्याकाळी दोरीवरचे कपडे आधी आत येतात.