एलएक्सनॅव्ह एस८ व्हेरिओ: टीई नीट लावलात तरच काट्यावर भरवसा

स्लोव्हेनियातल्या एलएक्सनॅव्ह कंपनीचा एस८ हा पॅनेलच्या ५७ मिलिमीटरच्या भोकात बसणारा डिजिटल व्हेरिओ, म्हणजे ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) किती वेगाने चढतोय-उतरतोय ते दाखवणारं यंत्र. काटा चपळ आहे आणि आवाज हवा तसा बदलता येतो. पण त्याच्या नावाने होणारी बरीचशी कुरकूर ही टीई, म्हणजे टोटल एनर्जीची भरपाई (वेग बदलल्यामुळे होणारा चढ-उतार वजा करणं) चुकल्यामुळे असते. यंत्राचा त्यात दोष नसतो.

ताशी १६० किलोमीटरवरून स्टिक (नियंत्रणाचा दांडा) ओढून ८० वर आलं, की ग्लायडर केवळ वेगाच्या जिवावर ७० ते ७५ मीटर चढतो. भरपाई नसलेला व्हेरिओ त्यालाच थर्मल (वर चढणारी गरम हवा) समजून पिप्‌पिप्‌ करत सुटतो. ही भरपाई शेपटीवरचा टीई प्रोब (एक खास नळी) करतो, नाहीतर पिटो (समोरून येणाऱ्या हवेचा) आणि स्टॅटिक (भोवतालच्या हवेचा) दाबावरून यंत्र स्वतः इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतं. प्रोब जोडला असेल तर मेनूत टीई ०% ठेवा. इलेक्ट्रॉनिक पद्धत असेल तर १००% पासून सुरुवात करा. प्रोब असूनही १००% राहिलं, तर भरपाई दोनदा होते आणि स्टिक ओढताच काटा खाली आपटतो. नव्या जोडणीत हे आधी पाहावं.

चाचणी सकाळच्या निवांत हवेत घ्या, दुपारी नको. १६० वर काटा स्थिर होऊ द्या, मग हळुवार ओढून ८० वर या. काटा १६० च्या सिंकवरून (उतरण्याच्या वेगावरून) ८० च्या सिंकवर सरळ सरकला पाहिजे. मधेच लिफ्ट (चढ) दाखवली तर भरपाई कमी पडतेय, टक्के वाढवा. सिंक आणखी वाढला तर घटवा. एकावेळी पाचेक टक्केच बदला. हा खटाटोप फक्त इलेक्ट्रॉनिक पद्धतीसाठी. तीही पिटो आणि स्टॅटिकची तोंडं जवळ असतील आणि नळ्यांची लांबी साधारण सारखी असेल तरच जमते. प्रोब लावूनही काटा खोटं बोलत असेल, तर मेनूत शिरू नका. नळीची गळती शोधा. जुनी, कडक झालेली नळी जोडावर सैल पडते.

काट्याचा फिल्टर दोनेक सेकंदांवर ठेवावा. फार कमी केला तर काटा प्रत्येक झुळकीला नाचतो, फार वाढवला तर थर्मलचा गाभा मागे पडल्यावर सांगतो. आवाजासाठी ‘लिनिअर पॉझिटिव्ह’ बरा: लिफ्टमध्ये तुटक, सिंकमध्ये सलग, त्यामुळे नजर बाहेर ठेवता येते.

नेट्टो (ग्लायडरचं स्वतःचं उतरणं वगळून हवेचीच चढ-उतार दाखवणारं वाचन) वापरणाऱ्यांनी यंत्रातले पोलर (कोणत्या वेगाला ग्लायडर किती उतरतो त्याचा आलेख) आणि बॅलास्ट (वजनासाठी भरलेलं पाणी) तपासावेत. पाणी सोडून दिलं आणि यंत्रात आकडा तसाच राहिला, तर वेगात नेट्टो खरी हवा दाखवत नाही.

मेनू मात्र खोल आहे आणि टीईचा आकडा सहज दिसत नाही. क्लबच्या ग्लायडरवर तो पॅनेलशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवलेला बरा.